पंचवीस वॉटचा अॅम्प्लिफायर

३ जून, मंगळवार

कारण सापडलं! दोन महिने उगाच डोकं खाजवत होतो. बायको, नोएलीन, ऑकलंडला गेली ती गाण्यांपायी.

आज तिचं पत्र आलं. फ्लॅट छोटा आहे, खाली बेकरी आहे, संध्याकाळी शेजारणीच्या स्टिरिओवर दोघी रेकॉर्ड ऐकत बसतो. बाकी हवापाणी. मी तेहतीस वर्षं पोकलेन चालवतोय. यंत्र बंद पडलं की रडत बसायचं नसतं. कुठला पार्ट गेला ते बघायचं, मागवायचा, बसवायचा. आमच्या घरात स्टिरिओ नाही. तिच्या रेकॉर्डींचा खोका लग्नापासून पलंगाखाली पडून आहे. म्हणजे पार्ट हाच.

निश्चय: महिन्याभरात स्टिरिओ. तिला आधी सांगायचं नाही. दाढी रोज.

५ जून

स्पीकर आणि टर्नटेबल दुकानवाल्या ग्लेनिसकडे मिळाले, तिच्या भावाचे. ग्लेनिसने विचारलं, नोएलीन कधी येतेय? म्हटलं, बहिणीचा गुडघा बरा झाला की. ग्लेनिस म्हणाली, तिची बहीण तर गेल्या आठवड्यात इथे फिशिंगला आली होती. म्हटलं, म्हणजे बराच बरा झाला.

राहिला अॅम्प्लिफायर. ऑकलंडच्या एका दुकानात फोन केला. लायनेल नावाचा माणूस, आवाज मऊ, लोणी लावल्यासारखा. त्याने दोन सांगितले. एक नव्या पद्धतीचा, हलका, स्वस्त, शंभर वॉट. दुसरा जुन्या पद्धतीचा, क्लास ए म्हणतात तो, एकतीस किलो, पंचवीस वॉट.

मला हसूच आलं. ग्रेट बॅरियर बेटावरच्या माणसाला शंभर वॉट विकायला निघाला! त्याला सांगितलं, बाबा रे, इथे विजेची तार नाही. छपरावर पडेल तेवढं ऊन बॅटरीत, आणि बॅटरीत असेल तेवढंच घरात. इथे माणूस भेटला की ‘कसा आहेस’ नाही विचारत, ‘किती टक्के’ विचारतात. तो म्हणाला, अहो पण ते वॉट म्हणजे तो स्पीकरला किती देतो ते, स्वतः किती खातो ते निराळं. मी त्याला तिथेच तोडलं. म्हटलं, मी लोकांच्या सेप्टिक टाक्या खणून वर आलोय, मला कोण किती खातो ते शिकवू नकोस. महागडा नाकारून स्वस्त गळ्यात मारायला बघतोय म्हणजे शंभरवाल्याचा माल पडून असणार. माझे कान तिखट आहेत.

पंचवीसवाला मागवला. पंचवीस म्हणजे दोन बल्ब.

१८ जून

बोटीने आला. मी आणि माका, दोघांनी मिळून उचलला. माका बेटावरच्या सगळ्यांच्या सोलरचं बघतो. पायरीवर दम खाताना म्हणाला, म्हाताऱ्या, याला अंगभर फासळ्या कशाला? म्हटलं, डिझाइन. तो म्हणाला, अशा फासळ्या मी गरम होणाऱ्या वस्तूंनाच बघितल्यात. त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. माणूस चांगला, पण सगळ्यात खोट काढायची सवय.

दुपारी चार वाजता तिच्या खोक्यातली पहिली रेकॉर्ड लावली. कुठलासा वॉल्ट्झ. मला गाण्यातलं कळत नाही. पण ती बाई गात होती ती स्वयंपाकघरात ओटा पुसता पुसता गातेय असं वाटलं. मी एकदा उठून बघूनसुद्धा आलो.

१९ जून

लायनेलला फोन केला, आभार मानायला. म्हणाला, तासभर तापू द्या, मग खरा आवाज. तासभर कशाला? रात्रंदिवस चालू ठेवतो. दोन बल्ब!

२२ जून

बॅटरी ४१ टक्के. पॅनेलवर समुद्रपक्ष्यांनी घाण केलीय. शिडी लावून धुतले.

२४ जून

३३ टक्के. पक्षी नव्हते. फ्रीझर जुना झालाय, तोच खात असणार. सगळे स्नॅपर मासे माकाच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवले. तो म्हणाला, किती टक्के? मी म्हटलं, उत्तम.

२५ जून

नोएलीनचा फोन! १२ जुलैला शनिवारच्या बोटीने येतेय, रविवारी परत. रेकॉर्डींचा खोका आणि जाड कोट न्यायचाय म्हणाली. साडेचार तास बोटीत हेलकावे खात कोणी खोक्यासाठी येतं का? खोका पोस्टानेही गेला असता. हे निमित्त आहे. तेहतीस वर्षं संसार केलाय, तिचं न बोललेलं मला ऐकू येतं.

निश्चय: घर पुसणे. केस कापणे. शनिवारी सकाळी सहापासून अॅम्प्लिफायर तापवणे.

२८ जून

२४ टक्के. तीन दिवस ढग. जनरेटर लावला तर वॉल्ट्झमध्ये घरघर येते. शेवटी माकाला बोलावलं, वायरिंग त्यानेच बिघडवलं असणार म्हणून.

त्याने चिमट्यासारखं मीटर वायरीला लावलं आणि शीळ घातली. दोनशे ऐंशी वॉट. मी म्हटलं, आवाज मोठा आहे म्हणून. बारीक केला. दोनशे ऐंशी. गाणंच थांबवलं. दोनशे ऐंशी. माका जमिनीवर बसून हसायला लागला. म्हणाला, डेस, हा गाणं असो नसो तेवढंच खातो. ट्रक अंगणात उभा करून एक्सलरेटर दाबून ठेवलाय आणि तू त्यात बसून वर्तमानपत्र वाचतोयस. चोवीस तासांचे पावणेसात युनिट झाले, आणि या थंडीत तुझं छप्पर चांगल्या दिवशी पाच देतं. मी म्हटलं, डब्यावर पंचवीस लिहिलंय. तो म्हणाला, ते बाहेर जातं ते. बाकीचं या फासळ्यांतून उष्णता होऊन उडतं. शंभरवाला घेतला असतास तर हा जेवढा खातो त्याच्या दहाव्या हिश्शात भागलं असतं. तू गेल्या तेहतीस वर्षांत कुठलीही गोष्ट आकडा कमी आहे म्हणूनच घेतलीस ना?

मी त्याला म्हटलं, तू तुझा चिमटा तपासून घे.

२९ जून

माकाच्या चिमट्याबद्दल नवा विचार. चिमटा बरोबर असला तरी हरकत नाही. खर्च जास्त म्हणजे वस्तू चांगली. फक्त दुसरीकडे काटकसर करायची. गरम पाणी बंद. दिवे बंद, अंधार पडला की झोपायचं. फ्रीझर आधीच बंद आहे. अॅम्प्लिफायर ११ जुलैपर्यंत लावायचा नाही.

३० जून

अर्धा तास लावला. नुसता तपासायला.

११ जुलै, शुक्रवार

५८ टक्के! बारा दिवस गार पाण्याने अंघोळ केली. खोकला झालाय, पण ५८. माका म्हणाला, तुला बघून ती परत जाईल. माका विनोदी आहे.

१२ जुलै, शनिवार

बोट वेळेवर आली. ती बारीक झालीय. केस कापलेत. छान दिसते, तसं म्हटलंही. ती म्हणाली, तू खोकतोयस. तिच्या लक्षात आलं म्हणजे काळजी आहे.

अॅम्प्लिफायर सकाळी सहापासून तापत होता. आकाश अर्थात काळं. मी खिमा भरलेला मिन्स पाय गरम केला, तिला खुर्चीत बसवलं, वॉल्ट्झ लावला. दुसरं गाणं लागलं तेव्हा तिने डोळे मिटले. हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालत होती. मी मनात म्हटलं, पार्ट बसला!

मग डोळे न उघडता तिने विचारलं, किती घेतो हा?

मी म्हटलं, पंचवीस.

ती उठली आणि कोठीच्या भिंतीवरचं मीटर बघून आली. या घरात तेहतीस वर्षं राहिलीय, तिला ते न वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. परत येऊन बसली. रागावली असती तर मला बोलता आलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, डेस, माझं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे विजेची गादी मागितली होती. साठ वॉटची. मला थंडी सोसत नव्हती. तू मला कागदावर हिशेब करून दाखवलास. आकडेमोड बरोबर होती, मला आजही आठवते. मग तू गरम पाण्याची पिशवी दिलीस, आणि आपल्याला परवडत नाही म्हणालास. मी इस्त्रीला दुपारी बाराचं ऊन बघायची. केस वाळवायला तुला विचारायची. मला वाटायचं, खरंच नाहीये वीज. ती होती का रे?

मी म्हटलं, हे तुझ्यासाठीच आणलंय.

ती म्हणाली, माहीत आहे. त्याचंच वाईट वाटतंय.

तिसऱ्या गाण्यात बॅटरी गेली. बाईचा आवाज जाड झाला, पुरुषासारखा झाला, मग थांबला. मी जनरेटर लावायला उठलो. ती म्हणाली, राहू दे, बस.

आम्ही बसलो. गॅसवर चहा केला. बाहेर ढग फाटून चांगलं ऊन पडलं, तेव्हा तिने खोका बाहेर ओढला.

एकंदर भेट चांगली झाली.

१३ जुलै, रविवार

धक्क्यापर्यंत खोका मी उचलून नेला. जड आहे. शहरात तिला कोण उचलून देणार, हे तिच्या लक्षात आलं असेल. बोटीवर चढताना तिने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. कॉलर नीट करणं ही छोटी गोष्ट नाही.

१६ जुलै

माका आला. किती टक्के, विचारलं. मी म्हटलं, शंभर. अॅम्प्लिफायर बंद आहे, फ्रीझर रिकामा आहे, घरात एक माणूस आहे, जाणार कुठे? तो आज काही विनोद न करता बसून राहिला. माझे स्नॅपर परत आणले होते.

२१ जुलै

विजेची गादी मागवली. दोन माणसांची. साठ नाही, नव्वद वॉट. ती पुढच्या वेळी येईल तेव्हा तयार हवी.

२९ जुलै, मंगळवार

दुपारी नोएलीनचा फोन. आवाज ओळखताच मी खाली बसलो.

ती म्हणाली, तुला यातलं कळतं म्हणून विचारते. फ्लॅटची वीज आता तिच्या नावावर घ्यायचीय. कंपनी म्हणते एक वर्षाचा करार करा नाहीतर दोन वर्षांचा. कुठला बरा?

मी तिला सगळं वाचायला लावलं. दर, अटी, बारीक अक्षरसुद्धा. वीस मिनिटं बोललो आम्ही. कित्येक वर्षांत एवढं बोललो नव्हतो. दोन वर्षांचा उघडउघड चांगला होता. दर बांधलेला, मध्येच वाढणार नाही.

मी म्हटलं, एकाच वर्षाचा घे. दर उतरतील.

ती म्हणाली, डेस, दर कधी उतरलेत?

म्हटलं, उतरू शकतात.

तिकडून बेकरीतल्या घंटीचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, मी कालच दोनवर सही केलीय. बरोबर केलं ना, एवढंच विचारायचं होतं.

म्हटलं, बरोबर केलंस.