मांत्रिकाच्या खोलीतलं गाऱ्हाणं

रत्नागिरी,
१२ जानेवारी २०२५

ति. आत्या,

नमस्कार. मी मजेत. तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला का? तू दिलेलं कुळथाचं पीठ संपत आलंय.

काल एक वेडेपणा केला. मारुती मंदिराजवळ 'मांत्रिकाची खोली' नावाची एस्केप रूम निघालीय. आपणच पैसे देऊन कोंडून घ्यायचं आणि तासाभरात कोडी सोडवून सुटायचं. हस, हस! मी, माझी रूममेट राही आणि ऑफिसातला विनीत गेलो. आत काळे पडदे, कवट्या, आणि स्पीकरवर मांत्रिकाचा घोगरा आवाज, "इथून कोणी सुटत नाही!" राहीने माझा दंड असा धरला की अजून काळानिळा आहे.

विनीत मांडवीचा, घरची होडी आहे. शिमग्याला आपल्याकडे आला होता बघ, तू त्याला आग्रहाने घावणे वाढलेस तो. हुशार आहे गं. पण शेवटचं कुलूप त्यालाही उघडेना. मग त्याने तिथला प्लास्टिकचा नारळ उचलला आणि बाबा पालखीसमोर घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा, ही तुजी पोरां हितं अडाकली हायत, त्यांना वाट दाखव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही दोघी ओरडलो.

"सानवीच्या बापाशीच्या मनात माज्याबद्दल जो काय किंतू आसंल, तो दूर कर रे महाराजा!"

मी गप्प. राहीही गप्प. आणि स्पीकरवरून मांत्रिकच ओरडला, "व्हय महाराजा!"

गाऱ्हाणं ऐकलं की साथ द्यायची सवयच ती, दुसरं काय! आपल्याकडचाच माणूस निघाला. हसत हसत त्यानेच येऊन दार उघडलं. आम्ही हरलो, पण इतकी मी कित्येक दिवसांत हसले नव्हते.

एव्हाना तुला कळलंच असेल. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि बाबा शेजारीच असतात, म्हणून हे पत्र. मला विनीतशीच लग्न करायचंय. आपल्या मुली दर्याकाठी द्यायच्या नाहीत, हे ताईच्या वेळचं बाबांचं बोलणं मी विसरलेले नाही. त्या कवट्यांपेक्षा मला त्या बोलण्याचीच जास्त भीती वाटते.

येत्या रविवारी तो खरा नारळ घेऊन घरी येतोय. तो बोलेल आणि बाबा गप्प बसतील, मला ठाऊक आहे. तुझा शब्द ते मोडत नाहीत. तेव्हा आत्या, त्या मांत्रिकासारखं तेवढं 'व्हय महाराजा' तू मोठ्याने म्हण.

दाराच्या आतून वाट बघणारी,
तुझी सानवी