चिंधूच्या हातावरची सुपारी

९ मार्च, सोमवार
आधी सगळ्यांची खुशाली. हिचा गुडघा बरा, आज जिना चढली. सुनेचा खोकला अजून घोटाळतोय. नातीचा ताप उतरला, भाकरी मागून खाल्ली. म्हातारी गाय रवंथ करते, म्हणजे ठीक. माझी बीपीची गोळी चालू. राहिला चिंधू. तो उद्या जुन्नरच्या कोर्टात दिसेल.

शेजारच्या रंगनाथशेठच्या गोठ्यावर एकवीस वर्षं गडी. पगार म्हणजे दोन वेळची भाकरी नि वर्षाला कपड्याचा एक जोड. दिवाळीत तहसीलदारांनी सोडवला, तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. आता शेठवर खटला. शेठ म्हणतात, घरच्यासारखा होता, राजीखुशीनं राहिला. मीही तसंच धरून चाललेलो. भिंतीला भिंत लावून.

१० मार्च, मंगळवार
मागच्या बाकावर बसलो. चिंधू साक्षीच्या पिंजऱ्यात, हात मागे बांधून, शेठपुढं उभा राही तसाच. शेठचे वकील गोडबोले.
"कधी पळून गेला होतास का?"
"एकदा गेलतो सायेब."
"मग परत कोणी आणलं? नाव सांग."
चिंधूनं माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला. मग म्हणाला, "इसारलो."
"म्हणजे आपल्या पायानं आलास."
जज्जसाहेबांनी लिहून घेतलं.
माझ्याकडं का बघितलं त्यानं?

११ मार्च, बुधवार
जुन्या वह्यांची ट्रंक काढली. ही म्हणाली, "सकाळपासून घुशीगत काय उकरताय?"
दुपारी सापडलं. पंधरा वर्षांमागचं पान, माझंच अक्षर. जसंच्या तसं उतरवतो:
"एस.टी. स्टँडवर शेठचा गडी चिंधू भेटला. घोडेगावच्या गाडीची वाट बघत रडत होता. म्हणे, दाराला कडी लावत्यात, बहिणीकडं जातो. चहा-भजी दिली, समजूत घातली. पाडव्याला सुपारी घेतलीस ना बाबा, वरीसभर शब्द मोडू नये. स्कूटरवर बसवून शेठकडं पोचवला. आज एक चांगलं काम झालं."
चांगलं काम.
कडीचं तो मला बोलला होता. मी लिहूनही ठेवलं, आणि…
जेवण गेलं नाही. संध्याकाळी हिला सांगितलं. ती पदराचं टोक पिळत बसली.

१२ मार्च, गुरुवार
दर पाडव्याला शेठच्या ओट्यावर पंचांग मी वाचायचो. वाचून झालं की शेठ एकेका गड्याच्या हातावर सुपारी ठेवणार. मूठ मिटली की वर्ष बांधलं. बाकीचे गडी आधी घरी जाऊन यायचे, बायकोला विचारायचे, नको तर नको म्हणायचे. चिंधूला घरी जाऊच दिलं नाही कधी. त्याची मूठ शेठच मिटायचे. सगळे हसायचे. मीही.

१३ मार्च, शुक्रवार
शेठ आले. हिच्या तोंडून वहीची गोष्ट गावभर झालेली.
"तात्या, या वयात कोर्टाची पायरी कशाला? वही वाळवीनं खाल्ली म्हणायचं."
म्हटलं, "शेठ, कडी आतून होती का बाहेरून?"
चहा अर्धा टाकून गेले. चाळीस वर्षांचा घरोबा.

१७ मार्च, मंगळवार
वही चिंधूच्या वकीलबाईंना दिली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आजोबा, हे पान त्याच्या कामाचं. पण शपथेवर तुम्हालाच सांगावं लागेल. तुम्हीच आणून बांधला, म्हणतील."
"म्हणू द्या. खोटं कुठंय?"
"चिंधू मला बजावून गेलाय, तात्यांचं नाव घेऊ नका. त्यांनी चहा-भजी दिली होती."
एस.टी.त बसलो ते कळलं नाही. माझा स्टॉप मागं गेला.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. पंचांग वाचायला गेलो नाही. चिंधू आता बहिणीकडं असतो, तिच्या गावी पत्र टाकलं; त्याची भाची वाचून दाखवील. नक्कल:
"चि. चिंधू, पुढच्या तारखेला मी साक्षीला उभा राहणार. साहेब मानतील का, ठाऊक नाही. तू मला अडवू नकोस. आज तुझा हात मोकळा आहे, तसाच ठेव. माझ्यावर राग असेल तर भाचीला सांगून सगळा लिहव, एक शब्द गाळू नकोस. फक्त चहा-भजीचं लिहू नकोस. तारखेआधी उत्तर धाड, बाबा. वाट बघतोय."