अळ्या हव्या आहेत, धडधाकट

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून, पण जरा लांबूनच नमस्कार. तुमची कंबर काय म्हणते? ताई आणि बाळ मजेत असतील. इकडे सगळे खुशाल आहेत, कोबीवरच्या अळ्यासुद्धा. (होत्या. सांगतो.)

ताईकडे जाताना तुम्ही बजावलं होतंत की यंदा प्रदर्शनातलं बिनविषारी भाजीचं बक्षीस आपलंच, विषाचा थेंब पडता कामा नये. दरवर्षी ते शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पळवतात आणि तुम्ही आठवडाभर जेवणावर राग काढता, हे काय मला ठाऊक नाही? म्हणून अळ्या दिसताच मी वनस्पतींच्या तेलांकडे वळलो. पुदिना, लवंग, निलगिरी. वासानेच अळीने तोंड फिरवावं. सुदैवाने मामीच्या गुडघ्यांच्या बाटलीत तिन्ही आयती सापडली. (मामी तेव्हा माडीवर होती. अजून तिथेच आहे. तेलाशिवाय तिचे गुडघे जिना उतरत नाहीत.)

तेल पाण्यात ओतून पंप पाठीवर घेतला. तेल पाण्यावर तरंगतं हे शाळेत शिकलो होतो, पण तेव्हा पाठीवर पंप नव्हता. पंप ओढतो तळातून. त्यामुळे पहिल्या ओळींना नुसतं पाणी मिळालं आणि अळ्या आंघोळ उरकून जेवायला बसल्या. शेवटच्या ओळीवर निव्वळ तेल पडलं, तो कोबी करपला. मामी खिडकीतून ओरडली, "मेल्या, आधी साबणाच्या पाण्यात घुसळ ना!" उरलेलं घुसळून मारलं आणि काय सांगू, दुपारपर्यंत अळ्यांनी बिऱ्हाड हलवलं, ते थेट कुंपणापलीकडे पोस्टमास्तरांच्या कोबीवर. मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

काल परीक्षक आले. आपला कोबी हुंगताच त्यांचं चोंदलेलं नाक मोकळं झालं, त्याबद्दल त्यांनी आभारही मानले. मग म्हणाले, भोकं आहेत पण अळी एकही नाही, म्हणजे विष मारलेलं दिसतंय, बिनविषारी विभागात यायचं तर पानावर जिवंत अळी दाखवा. पोस्टमास्तर आपल्याच अळ्यांवर पास झाले! मी एक परत मागायला गेलो, तर म्हणाले, "पोटच्या पोरींसारखं खाऊ घातलंय, कुणाच्याही घरी पाठवणार नाही." मामा, मला खरंच फार वाईट वाटतंय. ते बक्षीस तुमच्या हातात बघायचं होतं.

तुमचा,
भाचा

ता. क. परीक्षक सोमवारी पुन्हा येणार आहेत. त्याआधी ताईच्या परसातल्या चार धडधाकट अळ्या डब्यातून घेऊन या, झाकणाला भोकं पाडा. पाहुण्यांसाठी एक कोबी धुऊन ठेवलाय.

पुन्हा ता. क. मामीने तेलाची नवी बाटली मागवली आहे. दोन्ही एका पिशवीत ठेवू नका.