डावीकडचा ट्यूलिप

ब्रिस्टल, २ मार्च १९५७, शनिवार

संग्रहालयासाठी वस्तूंची चाळीस कार्डं झाली! एकच राहिलं — ट्यूलिपचं मोठं ताट.

या ताटाला बाबा कुणाला हात लावू देत नसत. बाकीच्या बश्या आणि औषधांच्या बरण्या मी सात वर्षांची असल्यापासून दर शनिवारी पुसत आले. ताट मात्र तेच पुसायचे, स्टुलावर चढून. काचबिंदूनं डोळे नेले तरी गेल्या वर्षापर्यंत पुसत होते. आज म्हणाले, ‘टॅमसिन, उतरव. आता सगळं तुझ्याच हातून व्हायचं.’

स्टुलावर चढून मी ते उतरवलं. ताट टांगायच्या मागच्या तारेची किणकिण झाली आणि ऑनर आत्या खालून ओरडली, ‘पाडलंस तर खिडकीतूनच उडी टाक हो, दारापर्यंत यायचे कष्ट घेऊ नकोस!’

बाबांच्या जुन्या भांड्यांच्या मंडळातले, संग्रहालयाचे गेथिनसाहेब सोमवारी अठराला गाडी घेऊन येणार. सगळं बाबांनी देऊन टाकलंय. ‘मला दिसत नाही, ते निदान लोकांना दिसू दे.’ हे म्हणताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता. माझाच नव्हता.

३ मार्च, रविवार

देवा, माझं काहीतरी चुकत असू दे.

छातीच्या दुखण्यामुळे बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नाही. बाबाच शाळा. अक्षरं बरण्यांवरून शिकले, पाढे भिंतीवरच्या फरशा मोजून. आणि पहिला नियम — दातानं पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. डोळ्याला रंग फसवतो. दात फसत नाही. कथिलाची जुनी झिलई दाताला थंड लागते, कर्र करते. मोडकं भरून वर रंग दिलेली जागा कोमट, मऊ लागते, साबणासारखी.

आज कार्डासाठी ताटाच्या काठापासून आत दात लावत गेले. निळ्या रेघोट्या — थंड. उजवा ट्यूलिप, मधला ट्यूलिप — थंड. डावा ट्यूलिप — साबण.

तीनदा केलं. पानं धरून आख्खा डावा ट्यूलिप! ताटाचा जवळजवळ एक तृतीयांश.

आणि मंडळाच्या १९३१ च्या पुस्तिकेत बाबांनी स्वतः छापलंय: ‘ब्रिस्लिंग्टनच्या भट्टीचं काम, साधारण १६९०. पूर्ण अभंग. कुठेही रंगकाम नाही.’

म्हणजे बाबा फसले. नाहीतर — नाही. हे वाक्य मी पुरं करणार नाही.

४ मार्च

कार्ड कोरं.

५ मार्च, मंगळवार

नाश्त्याला बाबांनी विचारलं, ‘ताटाचं कार्ड झालं?’

‘मापं राहिलीत,’ म्हणाले मी.

मापं रविवारीच झालीत. साडेतेरा इंच. बाबांशी मी खोटं बोलले, तेही मापाबद्दल! त्यांनी टोस्टवर मार्मलेड लावलं, नेहमीसारखं अगदी कडेपर्यंत, बोटानं कड चाचपत.

‘अभंग’ लिहिलं तर कार्ड खोटं. ‘दुरुस्त’ लिहिलं तर बाबा खोटे. मधला शब्द मला सापडत नाही.

७ मार्च, गुरुवार

आत्याला आडून विचारलं, ताट आलं कुठून? ती बटाटे सोलत होती.

‘ब्रिजवॉटरकडच्या एका शेतकरणीकडून. कोंबड्यांना त्यात दाणे घालायची. तुझा बाप ते ताट घेऊन स्टेशनापर्यंत आठ मैल चालत गेला, बसमध्ये हिसके बसतील म्हणून. तुझ्या आईनं दारातच विचारलं, यात आता कोंबड्या जेवणार की आम्ही?’

‘कुणी फसवलं तर नसेल ना त्यांना?’

‘अँब्रोजला? त्याला फसवणारा अजून पाळण्यातसुद्धा आला नाही. आणि हे बघ, तुझं नाक लाल झालंय. काय केलंस? का नुसताच विचार केलास? तुझं दोन्ही सारखंच दिसतं.’

आत्या आई गेल्यावर इथे राहायला आली. त्याआधीचं तिला ऐकूनच माहीत. मला तर तेवढंही नाही. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. तिचं नाव मेरियल होतं आणि बाबांच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्यांवर ती चिठ्ठ्या रंगवायची — एवढीच माझी आई.

९ मार्च, शनिवार

आज मी एक गोष्ट केली.

आत्या बाबांना केस कापायला घेऊन गेली होती. मी कापसाला स्पिरिट लावलं. गेथिनसाहेब नेहमी म्हणतात, वरचा रंग पुसून टाकणं म्हणजेच वस्तूशी खरं वागणं. शिवाय माझा माझ्या दातावर विश्वास नव्हता — मनात म्हटलं, नुसतं एक टोक.

डाव्या ट्यूलिपच्या खालच्या पानाचं टोक. नखाएवढं. कापूस हिरवा झाला. खाली पांढरं प्लॅस्टर.

कापूस शेगडीत टाकायचा सोडून मी तो उजेडात धरून बघत बसले. हिरव्यात निळा होता आणि निळ्यात किंचित पिवळा. शेजारच्या जुन्या पानाचा रंग जुळावा म्हणून कुणीतरी कितीदा तरी घोटला असेल. लबाडी करणारा एवढं करेल? करेलही. मला काय माहीत लबाड माणसं किती कष्ट घेतात?

संध्याकाळी बाबा ताट मांडीवर घेऊन बोटं फिरवत बसले. एका जागी बोट थांबलं.

‘कोळसा घाल गं थोडा,’ म्हणाले. बस्स.

१२ मार्च, मंगळवार

आज मंडळ आमच्याकडे. शेवटची बैठक. सहा माणसं, बाबा धरून. मांडीवर उशी घ्यायची, वस्तू हातोहात फिरवायची. यांच्यात कुणी कुणाच्या वस्तूला ‘खोटी’ म्हणत नाही. चांगली वस्तू प्रत्येक जण उलटून मागची बाजू बघतो. शंका आली की न उलटता शेजाऱ्याकडे देतो. एवढंच. त्यापेक्षा थोबाडीत मारलेली बरी.

बाबांनी बरण्या फिरवल्या. उलटल्या गेल्या, वाहवा झाली, आत्याचा केक संपला. मग म्हणाले, ‘टॅमसिन, ट्यूलिपचं आण.’

मी म्हटलं, ‘राहू दे ना बाबा, जड आहे.’

‘मला ठाऊक आहे किती जड आहे. आण.’

गेथिनसाहेबांनी ताट घेतलं. दात लावला. थांबले. परत लावला. आणि न उलटता पुढे दिलं.

पुढच्यानं न उलटता पुढे दिलं. त्याच्या पुढच्यानंही. तार एकदाही किणकिणली नाही. पाच माणसं उशीवरच्या ताटाकडे अशी बघत होती, जशी कुणाच्या घरचं भांडण कानावर पडल्यावर माणसं चहाच्या कपाकडे बघतात.

ताट बाबांकडे परत आलं. ‘चहा गार होतोय,’ ते म्हणाले. चेहऱ्यावर काही नाही.

जाताना गेथिनसाहेब दारात माझ्या कानाशी म्हणाले, ‘मिस फर्सडन, कार्डावर जे असेल ते लिहा. मला वाईट वाटलं. पण संग्रहालयाला खरं लागतं.’

मलाही लागतं हो! मला तर दुसरं काही शिकवलंच नाही कुणी.

१६ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं. एका दमात, स्वयंपाकघरात, हातात ओला फडका.

‘बाबा, डावा ट्यूलिप नवा आहे. त्या दिवशी कुणीच ताट उलटलं नाही. आणि पानाचं टोक मी पुसलं.’

‘उलटलं नाही ते कळलं मला. तार वाजली नाही ना. टोक मला त्याच संध्याकाळी लागलं. म्हटलं, बघू, किती दिवस लागतात हिला.’

‘सात,’ मी म्हटलं. मला रडू आलं होतं आणि तरी मी मोजून सांगितलं!

‘माझ्यापेक्षा बरी आहेस. मला बावीस वर्षं लागली.’ मग खुर्ची चाचपून बसले. ‘जून चौतीस. तू पोटात होतीस. मी लंडनला लिलावाला गेलो होतो, पाच दिवस. त्या पाच दिवसांत तुझ्या आईनं ताट पाडलं. आणि त्याच पाच दिवसांत जोडलं, भरलं, रंगवलं, भिंतीवर लावलं. मी आलो. ती दारात उभी, हाताला टर्पेंटाइनचा वास. ती झोपल्यावर मी दात लावला.’

‘आणि?’

‘आणि काही नाही. ती सकाळी माझ्याकडे चोरून बघत होती. मी ताटाकडे बघून म्हटलं, काय सुंदर आहे गं. दर शनिवारी म्हणायचो. तिला वाटायचं, मला कळलंच नाही. सांगेन, सांगेन म्हणत होतो. मग ती न्युमोनियात गेली. सांगायचं कुणाला?’

म्हणजे छापलं तेव्हा अभंगच होतं. एकतीस साली. बाबांनी खोटं लिहिलंच नव्हतं.

‘आणि मंडळात कशाला फिरवलंत? तुम्हाला माहीत होतं!’

‘कुणी तरी उलटेल असं वाटलं,’ बाबा म्हणाले. ‘एकदा तरी.’

आईचं शेवटचं काम, आणि मी त्यावर स्पिरिट फिरवलं. हे मी म्हणाले तर बाबा म्हणाले, ‘रडू नकोस, डोळे सुजतील. तिचे ब्रश शिवणाच्या डब्यात तळाशी आहेत. पान तेवढं पुरं कर.’

१७ मार्च, रविवार

चर्च बुडवलं. नखाएवढ्या पानाला चार तास! हिरव्यात निळा, निळ्यात किंचित पिवळा.

झाल्याबरोबर बाबांनी दात लावला.

‘ओलं आहे,’ म्हणाले. दाताला आणि ओठाला हिरवं. आत्या म्हणाली, ‘सत्तरीला आलास आणि ताट चाटतोस?’ मी किती वर्षांनी एवढी हसले!

१८ मार्च, सोमवार

गाडी आली. गेथिनसाहेबांनी एकेचाळिसावं कार्ड मोठ्यानं वाचलं, बाबांना ऐकू जावं म्हणून:

‘ताट. ब्रिस्लिंग्टन, साधारण १६९०. डावा ट्यूलिप: मेरियल फर्सडन, ब्रिस्टल, १९३४. पानाचं टोक: टॅमसिन फर्सडन, १९५७. पुसू नये.’

मग ताट उचललं.

तार किणकिणली.

बाबांनी मान वर केली. ‘उलटलं,’ ते म्हणाले.