गप्प बसण्याच्या परीक्षेत पास

नांदेड, २४ एप्रिल २०१६

आदरणीय सरजाआत्यास संघमित्राचा सविनय जयभीम.

गुडघे कसे आहेत? जळकोट नव्या उदगीर जिल्ह्यात जाणार असं ऐकते. तोवर जुन्या जिल्ह्याचा टँकर तरी वेळेवर येतो का? आम्ही इकडे ठीक.

पत्रास कारण, तुमची भाची सुपरवायझर झाली. अकरा वर्षं मी घरोघरी समजावते, की सिकलसेल हा रक्ताचा आजार आई आणि बाप दोघांकडून लेकराला येतो, कुणाच्या शापानं नव्हे. आता नवे समुपदेशक घडवायचे, म्हणून मला लातूरला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं (आंघोळीला दोघींत एक बादली, माझी जोडीदारीण पहाटे उठायची, एवढंच सांगते). तिथं गुरुपादप्पा सरांनी पहिल्याच तासाला बजावलं, की नवा माणूस पेशंटशी बोलताना सुपरवायझरनं शेजारी गप्प बसायचं आणि मागाहून आधी त्यालाच विचारायचं, तुला कसं वाटलं. (हसू नका.) सरावात दहा मिनिटांत मी चौदा वेळा मध्ये बोलले. सर म्हणाले, “मॅडम, आता इस्लापूरच्या शिबिरात बघू. तिथं खरी माणसं असतील.”

इस्लापूरला बोलणारा होता आमचा नवा समुपदेशक व्यंकटी. मी त्याच्या शेजारी, सर मागच्या बाकावर. समोर नरसिंग, त्याची बायको पार्वती आणि आई धोंडाबाई (नावं बदललीत, तसा नियम आहे). चार वर्षांच्या लेकीला सिकलसेल. व्यंकटीनं चित्र काढून समजावलं. धोंडाबाईनं चित्र उलटं ठेवलं. “आमच्या घरात असलं काही न्हाई. हे हिच्या माहेरचं हाय.” पार्वतीची मान खालीच. व्यंकटी अडकला आणि माझ्याकडं बघू लागला. आत्या, माझ्याजवळ अकरा वर्षांची उत्तरं होती. मी बोलले नाही. पंख्यालाही वीज नव्हती.

मग नरसिंगच बोलला. “आई, माझ्या बी रक्तात निघालंय. हिला एकटीला बोलू नको.”

पार्वतीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. धोंडाबाई लेकाकडं बघत चित्र सुलट करून म्हणाली, “पुन्हा सांग रे, बाबा.” व्यंकटीनं पुन्हा सांगितलं, आणि पहिल्यापेक्षा चांगलं.

नंतर मी त्याला हळूच विचारलं, कसं वाटलं. म्हणाला, “वाटलं, तुम्ही सोडवाल. न्हाई सोडवलं, ते बरं झालं.” सरांनी शेरा लिहिला: संयम उत्तम, आवाजात मार्दव. मी अख्ख्या तुकडीत पहिली आले.

सर्वांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
संघमित्रा

ता. क. पुढच्या महिन्यात नवी तुकडी मी शिकवणार. सरावाला ठसकेबाज सासू लागते, आणि आमच्या नर्सताई फार गोड बोलतात. तुम्ही दोन दिवस याच. वेगळं काही करायचं नाही, नेहमीसारखं बोलायचं.

ता. क. २ तुम्हाला म्हणून सांगते. इस्लापूरच्या उन्हात पाण्यावाचून माझा घसा पार बसला होता, तोंडातून शब्दच फुटत नव्हता, नंतरही जेमतेम कुजबुजता आलं. सरांना ठाऊक नाही. आता आवाज परत आलाय, तरी नरसिंगला आठवून दोन मिनिटं थांबते. तिसऱ्याची हमी नाही.