तिसऱ्या फळीवरची जागा

आई, दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. दोनदा वही आणली. एकीत गाडीचे किलोमीटर लिहीत बसलो, दुसरी कुठे गेली देव जाणे. आता दुपारचे अडीच वाजलेत, सातला गाडी काढायचीय, त्याआधी झोपायचंय आणि झोप येत नाही, म्हणून लिहितोय. तू जाऊन अकरा वर्षं झाली. मधे मी नाशिकला होतो, गोव्यात एका हॉटेलात होतो, कोल्हापुरात कुरिअर वाटत फिरलो. कुठेच टिकलो नाही, हे तुला सांगायला नको. आता पुण्यातच, नारायण पेठेत एका छापखान्याच्या वर भाड्याच्या कॉटवर राहतो आणि रात्री कंपनीतल्या लोकांना घरी सोडतो. तुझ्यासारखीच रात्रपाळी.

परवा माझा डोळा लागला, आई. स्टिअरिंगवर. मागे चार जण होते. मागची मॅडम "दादा!" म्हणून ओरडली तेव्हा गाडी रस्ता सोडून कडेच्या खडीवर चालली होती. कुणाला काही झालं नाही. पुढे टपरीवर तिनेच मला चहा पाजला. "होतं असं, दादा," म्हणाली. तक्रारसुद्धा केली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून डोळे मिटले की ती खडी वाजते आणि मन सुटतं ते सुटतंच. गाडी उलटली असती तर? तिच्या घरी कोण असेल? आज परत तेच चौघं. झोप नाही म्हणून भीती, आणि आता झोपेचीच भीती.

मग तुझी युक्ती काढली. तू सकाळी हॉस्पिटलातून यायचीस. कसब्यातल्या आपल्या गल्लीत हातगाड्या, भांडणं, एखाद्या लग्नाचा बँड, आणि तू भिंतीकडे तोंड करून गाढ. मी सातेक वर्षांचा, रात्री तू नसलीस की झोप येत नाही म्हणून कुरकुरतोय. "मनाला झोप म्हटलं की ते जास्तच नाचतं," तू म्हणतेस. "त्याला काम दे. मनातल्या मनात आपल्या फळीवरचं एकेक भांडं काढ, पूस, परत ठेव. घाई केलीस तर पहिल्यापासून." मी विचारतो, "आणि सगळी संपली तर?" "संपत नाहीत," म्हणतेस आणि कूस बदलतेस. खरंच, दुसऱ्या फळीच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो.

आता जातो. तिसऱ्या फळीवर चहाचा डबा, साखरेचा डबा, मग रिकामी जागा, मग खलबत्ता. त्या जागी काय होतं? फडकं हातात घेऊन मी तिथे उभाच राहतो आणि मागून खडी वाजायला लागते.

आज बाराला शेवटी बाबांना फोन केला. चार वर्षं बोलणं नव्हतं, मी पुण्यात आलोय हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"कोण?"

नाव सांगितलं.

"अरे वा! चुकून लागला का?"

मी फळीचं विचारलं. तर म्हणाले, "राहतोस कुठे?" सांगितलं. "म्हणजे चालत वीस मिनिटं. आणि आम्ही समजतोय साहेब गोव्यात." आणि फोन ठेवला. फळीचं काही सांगितलंच नाही.

खरं सांगू? फळी हे निमित्त होतं. मला गाडीचं सांगायचं होतं, तोंडातून निघालं नाही. मालकाला 'आज येत नाही' म्हणायचंय, तेही निघत नाही. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून तुला तरी सांगता आलं.

थांब. खाली घरमालकीणबाई कुणावर तरी करवादताहेत. "पाटी वाचता येत नाही का? एक ते चार बेल वाजवू नये!"

"वाचता येते. म्हणूनच हाका मारतोय."

खिडकीतून बघितलं. बाबा. हातात तू ड्युटीवर न्यायचीस तो कडीचा डबा. म्हणजे फळीवरची ती जागा ह्याची, रात्री तिथे काही नसायचंच, आई. मी बघायचो तेव्हा ती रिकामीच असायची.

जिन्यात पावलं वाजताहेत. आधी गाडीचं सांगतो.