पाठकोरा कागद

चिमे,

मुलांच्या वाचनालयातल्या बाईंच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. काचेवर चित्र रंगवून त्याचा कागदावर ठसा कसा घ्यायचा, ते शनिवारी मुलांना शिकवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. मला धीर होत नव्हता.

आज छोटीबरोबर ठसे काढताना कागद संपले. काचेवरचा रंग ओला होता, म्हणून घाईत तुझ्या खणातला एक पाठकोरा उचलला. मासा छान उठला. कागदाच्या मागे तुझ्या अक्षरातला खर्डा निघाला, त्याच बाईंना लिहिलेला: "बाबांचा हात थरथरतो, त्यांना जमणार नाही. त्यांनीच कळवायला सांगितलंय."

मी कधी सांगितलं गं?

हात थरथरतो, खरं आहे. छोटी म्हणते, "आजोबा, म्हणून तर तुमचा मासा पोहतो!" जमेल की नाही, याची मलाही शंका आहे. पण नाही म्हणायचंच होतं, तर ते माझं मला म्हणू द्यायचंस.

जेवण झाकून ठेवलंय. ठसा दोरीवर वाळतोय, त्याला हात लावू नकोस. तसा दुसरा निघत नाही.

बाईंना "येतो" असं लिहिलंय. छोटीला घेऊन निघालोय. तू हे वाचशील तोवर पत्र पेटीत पडलेलं असेल.

बाबा